दुसऱ्या परंपरेच्या चर्चमध्ये पाहुणा म्हणून बोलताना: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा येतो, मागोमाग गुड फ्रायडे, मग मे महिन्यातली लग्नं. या दिवसांत मला बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे फोन येतात आणि विचारणं बहुतेक एकच असतं: त्यांच्या चर्चमध्ये बोलायला बोलावलंय, काय करू? मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट) मंडळीचा. पाळक नाही, शाळेत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. उपदेश करायला लागून पंचवीस वर्षं झाली. या काळात कॅथलिक, ब्रदरन, पेंटेकॉस्टल आणि ऑर्थोडॉक्स, अशा सगळ्यांच्या घरी पाहुणा म्हणून उभा राहिलो. लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेतलेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. संदेश, उपदेश, प्रवचन, साक्ष: हे सगळं एकच ना?

बोलताना आपण एकच धरतो, पण बोलावणं आलं की पहिल्यांदा हाच खुलासा करून घ्या. कॅथलिक माणूस 'प्रवचन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा मिस्सातलं (म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाच्या उपासनेतलं), शुभवर्तमान वाचून झाल्यावरचं प्रवचन असतं, आणि ते मिस्साचाच भाग आहे. आपल्या मंडळ्यांत 'संदेश' किंवा 'उपदेश' म्हणजे शास्त्रपाठावर केलेलं विवरण. 'साक्ष' म्हणजे प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते. आणि कोणी 'दोन शब्द बोला' म्हणालं तर ते खरोखर दोन-तीन मिनिटांचं काम असतं. यातलं तुमच्याकडून काय अपेक्षित आहे हे फोनवर स्पष्ट विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

२. मी सी.एन.आय.चा. मालवणकडच्या फादरांनी रविवारी बोलावलंय. मिस्सात प्रवचन करता येईल का?

नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतल्या ७६७व्या कलमाप्रमाणे मिस्सातलं प्रवचन फक्त धर्मगुरू किंवा डीकनच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) करू शकतो. हा नियम पाहुण्यांना दूर ठेवायला केलेला नाही. त्यांचा स्वतःचा अतिशय विद्वान, भक्तिमान प्रापंचिक (म्हणजे दीक्षा न घेतलेला) माणूससुद्धा त्या जागी बोलू शकत नाही, आणि बिशपांनाही यातून सूट देता येत नाही, असा खुलासा रोमने १९८७ मध्ये केलेला आहे.

म्हणून फादरांना अडचणीत टाकू नका. कधी कधी प्रेमाच्या भरात एखादे फादर 'या हो, बोला, काही होत नाही' असंही म्हणतात. तेव्हा आपणच हात जोडून 'फादर, मिस्सा संपल्यावर बोलतो' म्हणावं. तुम्ही परत आपल्या गावी जाता. बिशप हाऊसला उत्तर त्यांना द्यावं लागतं.

३. मग कॅथलिक चर्चमध्ये मला बोलायची जागा आहे तरी कुठे?

भरपूर आहे. मिस्सा नसलेल्या प्रार्थनासभा, वचनाची उपासना, ऐक्य-सप्ताहातली संयुक्त प्रार्थना, क्रूसाच्या वाटेनंतरचं चिंतन, तरुणांचं शिबिर, मे महिन्यातली वाडीवरची प्रार्थना. ऐक्याविषयी रोमने १९९३ साली काढलेल्या निर्देशिकेत मिस्साबाहेरच्या उपासनेत इतर मंडळ्यांच्या लोकांनी शास्त्रपाठ वाचायला आणि उपदेश करायला वाट ठेवलेली आहे.

मिस्साच्या दिवशीच काही सांगायचं असेल तर प्रभुभोजनानंतरची प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाआधी, थोडक्यात साक्ष देता येते. पण २००४ च्या सूचनेप्रमाणे हे तसंच महत्त्वाचं कारण असेल तरच करायचं, नेहमीचा पाठ पाडायचा नाही, आणि लोकांना ते प्रवचन वाटता कामा नये. मिस्सातला शास्त्रपाठ वाचायचाही पाहुण्याला आपसूक हक्क नाही. त्यासाठी बिशपांची परवानगी लागते आणि ती क्वचित मिळते.

४. मी कॅथलिक आहे. आमच्या शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळीने बोलावलंय. गेलो तर पाप का?

मुळीच नाही. वर सांगितलेल्या १९९३ च्या निर्देशिकेच्या ११८व्या परिच्छेदात उलट उत्तेजनच आहे: दुसऱ्यांच्या उपासनेत पाहुणे असाल तर त्यांच्या स्तोत्रांत, प्रतिसादांत, गीतांत भाग घ्या, आणि यजमानांनी सांगितलं तर शास्त्रपाठ वाचा किंवा उपदेश करा. तरी आपल्या फादरांना आधी सांगून जा. त्यांना गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळणं बरं नव्हे. तिथल्या प्रभुभोजनाचं काय, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

५. परवानगी नेमकी कोणाची घ्यायची?

दोन्ही घरांची. आपल्या पाळकांना सांगायचं आणि यजमान चर्चच्या जबाबदार माणसाकडून बोलावणं घ्यायचं. पंचांपैकी एकाने बाजारात भेटून 'रविवारी या' म्हटलं म्हणजे बोलावणं झालं नाही. सी.एन.आय.मध्ये प्रेसबिटर (दीक्षित पाळक) आणि पाळकीय समितीला माहीत असलं पाहिजे; बाहेरच्या परंपरेतला वक्ता असेल तर बिशपांच्या कानावर घालायची रीत चांगली.

कॅथलिकांकडे मोठा कार्यक्रम असेल तर आपण कोणत्या धर्मप्रांतात आहोत ते बघा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि घाटावरचं कोल्हापूर मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत आहे. तो २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, मुख्य चर्च सावंतवाडीला. रायगड मुंबईच्या आर्चबिशपांकडे आहे. वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून स्वतंत्र आहे. महाडच्या माणसाने सावंतवाडीला पत्र धाडून उपयोग नाही.

६. किती वेळ बोलू?

यजमान सांगतील त्यापेक्षा दोन मिनिटं कमी.

कॅथलिक कान आठ-दहा मिनिटांना सरावलेले असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जून महिन्यात प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये असं जाहीर सांगितलं होतं. सी.एन.आय.मध्ये वीस-पंचवीस मिनिटं चालतात. पेंटेकॉस्टल सभेत पाऊण तास बोललात तरी लोक आणखी मागतात, आणि दहा मिनिटांत बसलात तर 'तयारी करून आले नाहीत' असं वाटतं. म्हणजे वेळेचा आदर करायचा तर कधी कधी जास्तही बोलावं लागतं.

कोकणात घड्याळाशिवाय आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, शेवटची एस.टी. संध्याकाळच्या सभेत मागच्या बाकावरची माणसं पिशवीचे बंद हातात घेऊन बसली की गाडीची वेळ झाली समजा आणि शेवटाकडे या. दोन, पाऊस. जुलैत पत्र्यावर सर आली की माइक असूनही तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द जात नाही. ओरडू नका. थांबा, एखादं माहितीचं गीत धरायला सांगा, सर ओसरली की पुढे चला. मी एकदा भर सरीत संदेश तसाच ओढून नेला. नंतर लोकांनी सांगितलं, ऐकू आलं नाही ते नेमकं मुख्य वचन होतं.

७. शास्त्रपाठ मी निवडू का ते देतील?

आधी त्यांना विचारा, त्या दिवसाचे ठरलेले पाठ कोणते. कॅथलिकांकडे रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्राने ठरलेले असतात आणि वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी बदलतं. सी.एन.आय.चीही आपली पाठसूची आहे. ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा वक्ता स्वतः निवडतो.

ठरलेला पाठ असेल तर तोच घ्या, कितीही अवघड वाटला तरी. माझं हे ठाम मत आहे. पाहुण्याने घरात शिजलेलं जेवावं, डबा घेऊन जाऊ नये. त्या पाठावर त्या लोकांनी आठवडाभर प्रार्थना केलेली असते. आपण आपला आवडता, दहा ठिकाणी बोललेला संदेश काढला की ते लगेच ओळखतात.

आणि निवड तुमच्यावर सोडली तर प्रत्येक वेळी योहान १७ नको. 'ते सर्व एक व्हावेत' हे वचन संयुक्त सभेत इतक्यांदा ऐकवलं जातं, की लोक पाठ उघडण्याआधीच मान डोलावतात.

८. बायबल कोणतं नेऊ? त्यांचं वेगळं असतं म्हणे.

त्यांच्या वाचनपीठावर असेल त्यातूनच वाचा, आणि आदल्या दिवशी तो पाठ तिथे जाऊन एकदा डोळ्यांखालून घाला. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात ६६. टोबित, मक्काबी वगैरे पुस्तकं आपल्याकडे सापडणार नाहीत. जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे आकडे बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात, त्यामुळे आपलं तेविसावं स्तोत्र तिथे बावीस असू शकतं.

आकड्यांचा खरा खड्डा मात्र दहा आज्ञांत आहे. तिथे मी स्वतः पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो. सिंधुदुर्गातल्या एका वाडीत खुरसापाशी (वाडीवरच्या क्रूसापाशी) लादीन, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक प्रार्थना होती. मेणबत्त्या लावलेल्या, मुलं उकडलेल्या चण्यांच्या टोपाकडे बघत बसलेली. प्रार्थना झाल्यावर मला पाच मिनिटं दिली होती. मी विसाव्याच्या दिवसाबद्दल बोलायचं ठरवून म्हणालो, 'आपण सगळ्यांत जास्त मोडतो ती चौथी आज्ञा.' समोर बसलेल्या एका आजींनी शेजारच्या मुलाकडे पाहिलं आणि त्याने मान खाली घातली. तो बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आईकडे आला होता, हे मला नंतर कळलं. कॅथलिक क्रमात चौथी आज्ञा आहे 'आपल्या आईबापांचा मान राख', शब्बाथाची (विसाव्याच्या दिवसाची) तिसरी. आपल्या क्रमात शब्बाथ चौथा आणि आईबाप पाचवे. मी पुढे 'शब्बाथ' म्हणेपर्यंत सगळ्या वाडीसमोर त्याला बोललोय असंच झालं होतं. रात्री त्यांच्या घरी जाऊन खुलासा केला, त्यांनी मोठ्या मनाने चहा पाजला. तेव्हापासून मी आज्ञेचा आकडा घेत नाही, आज्ञाच म्हणतो.

९. शब्द वेगळे असतात. कोणते वापरू?

यजमानांचे. आपण 'मंडळी' म्हणतो, मराठी कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. आपला बाप्तिस्मा वसईकडे स्नानसंस्कार होतो. 'पौल म्हणतो' ऐवजी 'संत पौल म्हणतात' म्हटलं तर आपलं काही जात नाही, आणि ऐकणाऱ्याला आपल्या घरच्यासारखं वाटतं. पेंटेकॉस्टल सभेत सुरुवातीला 'प्रेझ द लॉर्ड' येईल; तुम्ही 'प्रभूच्या नावाने सलाम' म्हणालात तरी चालतं, पण प्रतिसाद द्या, गप्प उभे राहू नका.

एक पथ्य आहे. स्वतःच्या श्रद्धेत न बसणारे शब्द तोंडदेखले वापरू नका. लोकांना ते कळतं. संत मरियेला उद्देशून प्रार्थना म्हणणं तुम्हाला पटत नसेल तर ती म्हणणाऱ्यांबरोबर शांत उभं राहणं पुरेसं आहे. आणि तिच्याबद्दल बोलायचा प्रसंग आला तर लूकच्या पहिल्या अध्यायात दोन्ही घरांना पुरेल इतकं आहे.

१०. मला प्रभूची प्रार्थना चालवायला सांगितली. त्यात काय अवघड?

शेवट. कॅथलिक लोक 'वाईटापासून आम्हांला सोडव' इथे थांबतात. 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' हा भाग त्यांच्या मिस्सात मधल्या एका प्रार्थनेनंतर वेगळा येतो. प्रॉटेस्टंट माणूस सवयीने पुढे जातो आणि चर्चभर त्याचा एकट्याचाच आवाज उरतो. कॅथलिक घरात 'सोडव'पाशी थांबा. कॅथलिक वक्ता आपल्याकडे आला तर त्याने पुढे चालायचं. क्रूसाची खूण करायची सवय नसेल तर करू नका, कोणी रागावत नाही.

११. प्रभुभोजन असेल तर घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त दुखतो, म्हणून उत्तर सरळ देतो. कॅथलिक मिस्सात इतर मंडळ्यांच्या लोकांनी सर्वसाधारणपणे प्रभुभोजन घ्यायचं नसतं आणि कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट मेजावर घ्यायचं नसतं. धर्मसंहितेचं ८४४वं कलम यासाठी आहे. ऑर्थोडॉक्स कुर्बाना (त्यांचं प्रभुभोजन) हीही फक्त त्यांच्या लोकांसाठी. सी.एन.आय.मध्ये आणि मेथडिस्टांकडे दुसऱ्या मंडळीच्या प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदाचं बहुधा स्वागत होतं, तरी पाळकांना आधी विचारा. ब्रदरन मंडळीत तुमच्या मंडळीचं शिफारसपत्र मागू शकतात.

वाईट वाटतं. मलाही वाटतं. ज्या लोकांशी आत्ताच वचन वाटून घेतलं, त्यांच्याच मेजाशी हात बांधून बसायचं हे सोपं नाही. पण ते दुःख सोसणं हा पाहुणेपणाचा भाग आहे. रांगेत घुसून ते मिटत नाही, फक्त यजमानाला सगळ्यांदेखत नकार द्यावा लागतो. शक्य तर प्रभुभोजन नसलेल्या उपासनेचं बोलावणं घ्या.

१२. गुड फ्रायडेच्या सात उद्गारांपैकी एक मला दिलाय. कसं बोलू?

आपल्या मराठी मंडळ्यांत पाहुण्याला सगळ्यांत जास्त बोलावलं जातं ते याच दिवशी. उपासना दुपारी बाराला सुरू होते, तीनपर्यंत चालते, येशूने क्रूसावरून काढलेले सात उद्गार, सात वक्ते, मध्ये गीतं. एप्रिलचा उकाडा आणि अर्ध्या लोकांचा उपवास. पावणेतीन झाले तरी पाचवाच वक्ता उभा, असं मी अनेकदा पाहिलंय, आणि मग शेवटच्या दोघांवर अन्याय होतो. तुमच्या वाट्याला बारा मिनिटं असतील तर दहाची तयारी करा.

आपला उद्गार सोडून दुसऱ्याच्या अंगणात जाऊ नका. 'हे बापा, त्यांना क्षमा कर' हा पहिला (लूक २३:३४). त्यावर बोलणाऱ्याने 'पूर्ण झाले आहे' (योहान १९:३०) पर्यंत सगळं सांगून टाकलं की सहाव्या वक्त्याने काय करायचं? कॅथलिक वक्त्याला पुष्कळदा तिसरा उद्गार देतात, आईला शिष्याच्या हाती सोपवतानाचा (योहान १९:२६-२७). देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तिथे मरियेच्या ख्रिस्तसभेतल्या स्थानावर शिकवण देण्यापेक्षा क्रूसाखाली उभ्या असलेल्या आईपाशी राहा. ज्या मंडळीत एखादा मुलगा होडीवरून परत आलेला नसतो, तिथे ती आई कोण हे समजावून सांगावं लागत नाही. चौथा उद्गार, 'माझ्या देवा, माझ्या देवा', कोणालाच सोपा नाही. तो आला तर बाविसावं स्तोत्र पूर्ण वाचून जा.

धर्मगुरूंना या दिवशी बोलवायचा आग्रह धरू नका. दुपारी तीनच्या सुमारास त्यांची स्वतःची उपासना असते. त्याऐवजी एखादे कॅथलिक शिक्षक, सिस्टर किंवा प्रापंचिक कार्यकर्ते बोलवावेत.

१३. मुलगी आमची, जावई कॅथलिक. लग्न त्यांच्या चर्चमध्ये. आमच्या पाळकांना बोलता येईल का?

येतं, पण आयत्या वेळी नाही. वधू-वरांनी मागणी केली तर स्थानिक बिशप परवानगी देऊ शकतात. मग फादर आपल्या पाळकांना शास्त्रपाठ वाचायला, थोडक्यात बोध करायला आणि जोडप्याला आशीर्वाद द्यायला बोलावतात. लग्न आपल्याकडे असेल तर फादरही त्यांच्या बिशपांच्या परवानगीने असंच करू शकतात. दोघांनी मिळून दोनदा लग्न लावणं मात्र होत नाही. मिश्र लग्न सहसा मिस्सा न ठेवता लावतात, त्यामुळे प्रश्न ११ मधली अडचणही टळते. अर्ज तीन महिने आधी द्या. मे महिन्याच्या तारखांसाठी त्याहूनही आधी.

१४. आणि अंत्यविधीला?

कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सातलं प्रवचन मृताच्या गुणगौरवासाठी नसतं. कुटुंबातर्फे बोलायचं असेल तर ते मिस्साच्या शेवटी, अखेरच्या निरोपाआधी, किंवा कबरस्तानात. आपल्याकडच्या शोकसभेसारखं एकामागून एक उभं राहू नका. तीन मिनिटं, एक आठवण, एक वचन.

१५. मी बाई आहे. मला कुठे बोलता येईल?

सी.एन.आय. आणि मेथडिस्ट मंडळ्यांत स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षाही मिळते, तेव्हा उपदेशाला अडचण नाही. कॅथलिकांकडे मिस्साबाहेर तुमची जागा प्रापंचिक पुरुषाइतकीच आहे (प्रश्न ३). ब्रदरन मंडळीत मुख्य सभेत स्त्रिया बोलत नाहीत, स्त्रियांच्या सभेत बोलतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणारा जागतिक प्रार्थना दिन स्त्रियाच चालवतात आणि तो सगळ्या परंपरांचा असतो. कोकणातल्या लहान गावांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या चर्चची पायरी चढणाऱ्या बायका मी याच दिवशी पाहिल्या आहेत. डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची का, तेवढं विचारून जा. ऑर्थोडॉक्स आणि ब्रदरन यांच्याकडे घ्यावीच लागते.

१६. समोर सगळे मच्छीमार असतात. जाळ्याचे दाखले देऊ का?

द्या, पण त्यांना मासेमारी शिकवू नका. हर्णैला किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लूकचा पाचवा अध्याय काढून 'खोल पाण्यात जाळं टाका' सांगणाऱ्या वक्त्याला लोक आदराने ऐकतात. मात्र मनात प्रत्येकाला माहीत असतं की याने कधी होडी लोटलेली नाही.

मी त्यांनाच विचारतो. मत्तय १३:४७ मध्ये जाळ्याचा दृष्टान्त आहे. मूळ ग्रीक शब्द किनाऱ्याकडे ओढून आणायच्या लांब जाळ्याचा आहे, म्हणजे आपली रापणच. मालवणकडच्या एका रापणकर काकांना मी आदल्या संध्याकाळी विचारलं, 'जाळं वर आल्यावर पहिलं काय करता?' ते म्हणाले, 'बसतो. उभ्याने निवडता येत नाही.' घरी येऊन वचन उघडलं तर तिथे तेच: 'ते किनाऱ्यावर ओढून माणसे बसली.' इतक्या वर्षांत त्या 'बसली'कडे माझं लक्ष गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा संदेश त्या एका शब्दावर झाला आणि तो त्या काकांचा होता, हे मी नाव न घेता तिथे सांगितलं. एक जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; मच्छीमार वस्तीत बोलायला हे दोन महिने उत्तम, माणसं घरी असतात.

१७. मालवणीत बोलू का? कोंकणीत?

घरची भाषा असेल तरच. नसेल तर साधी मराठी बोला आणि उच्चारांची नक्कल करू नका. माणसाला आपली बोली दुसऱ्याच्या तोंडी नाटकासारखी ऐकणं आवडत नाही. एखादं वाक्य यजमानांकडून नीट शिकून शेवटी म्हटलं, 'देव बरें करूं', तर चेहरे खुलतात. कोर्लईची कॅथलिक माणसं घरात पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात, वसईत सामवेदी आणि वाडवळी आहेत. मराठी सगळ्यांना कळते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली आले तेव्हा आधी हर्णैला राहून मराठी शिकले, मग उपदेशाला लागले. आपण मराठी असूनही गावागावाची मराठी शिकायला तेवढा धीर ठेवावा.

१८. संदेशाऐवजी कीर्तन केलं तर?

माझ्या मते फार चांगलं, फक्त आधी विचारा. करजगावात १८६१ साली जन्मलेले आपल्या कोकणचेच रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त सांगत आले, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ सालीच ओवीत ख्रिस्तकथा सांगितली. म्हणजे ही वाट दोन्ही घरांची आहे. काही मंडळ्यांना टाळ-मृदंग उपासनेत नको असतो. तिथे उपासना आटोपल्यावर, अंगणात.

१९. कपडे काय घालू, पाकीट घेऊ का?

पाळकांनी कॅसक (पायघोळ झगा) आणि स्टोल (गळ्यातला पट्टा) नेण्याआधी विचारावं. प्रापंचिक माणसाला स्वच्छ पांढरा शर्ट पुरे. वेदीच्या पायऱ्या चढायच्या का, चपला कुठे काढायच्या, हे यजमानांच्या पाठोपाठ चालून समजतं. प्रवासखर्च दिला तर घ्या. जास्तीचं पाकीट दिलं तर तिथल्याच दानपेटीत टाकता येतं. नारळ किंवा आगळाची बाटली दिली तर नाही म्हणू नका.

२०. पेंटेकॉस्टल सभेत संदेशानंतर 'आता लोकांसाठी हात ठेवून प्रार्थना करा' म्हणाले. मी गोंधळलो.

त्यांच्याकडे ते संदेशाचंच पुढचं पाऊल असतं. तुम्हाला जमत नसेल तर आधीच सांगा: 'मी सगळ्यांसाठी एक प्रार्थना करीन, हात तुमचे पाळक ठेवतील.' ते समजून घेतात. उलट, पेंटेकॉस्टल वक्त्याने कॅथलिक किंवा सी.एन.आय. मंडळीत लोकांना पुढे यायचं आवाहन, भविष्यवाणी किंवा आजारमुक्तीची प्रार्थना यजमानांना न विचारता सुरू करू नये.

२१. ऐकून काही लोक म्हणाले, 'आम्ही तुमच्या चर्चला येतो.' काय उत्तर देऊ?

'तुमच्या पाळकांशी बोला.' एवढंच. फोन नंबर वाटू नका, आपल्या सभेची पत्रकं बरोबर नेऊ नका. गावातल्या दोन मंडळ्या दहा-दहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मुळाशी बहुतेकदा एक पाहुणा वक्ता आणि चार कुटुंबं असतात. त्या भांडणात मुलांची लग्नं अडतात, कबरस्तानाच्या जागेवरून वाद होतात. हे मी जवळून पाहिलंय आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय: ज्या घरात जेवलात तिथली माणसं उठवून नेऊ नका.

२२. माझा परदेशातला मित्र पाळक आहे, सुट्टीला येतोय. त्याला बोलायला उभं करू का?

टुरिस्ट व्हिसावर आला असेल तर नाही. उपासनेला तो जरूर बसू शकतो, पण धार्मिक स्थळी भाषण करणं, धर्मप्रचाराची पत्रकं वाटणं यांना त्या व्हिसावर परवानगी नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. 'नुसती साक्ष देईल' ही पळवाट धरू नका. त्रास त्याला आणि यजमान मंडळीला, दोघांना होतो.

२३. उघड्यावर सभा आहे. आणखी काही बघायचं का?

ध्वनिक्षेपकाची परवानगी आयोजकांनी घेतली का ते विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, सरकारने सूट दिलेले ठरावीक दिवस सोडून. शेजारी हिंदू, मुसलमान, बौद्ध घरं असतात, तीही ऐकतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल वाकडा शब्द नको. पाहुणा बोलून निघून जातो. त्या घरांच्या शेजारी यजमान राहतात.

२४. आता आम्हाला फादरांना आमच्याकडे बोलवायचंय. काय तयारी करू?

रविवारची सकाळ मागू नका. एकेका फादरांकडे दोन-तीन गावांच्या मिस्सा असतात. रविवार संध्याकाळ किंवा आठवड्यातला एखादा दिवस मागा, प्रभुभोजन नसलेला. पत्र पाळकांच्या सहीने, दोन महिने आधी. पत्रात शास्त्रपाठ, वेळ, लोक साधारण किती, त्यांच्यानंतर कोण बोलणार, सगळं लिहा. पंचांना आणि मंडळीला आधीच्या रविवारी सांगा, म्हणजे 'हे कशाला' हा प्रश्न त्यांच्यासमोर निघणार नाही. दोन्हीकडे म्हटलं जाणारं एखादं गीत शोधून ठेवा. चाल वेगळी असेल तर पेटीवाल्याला आदल्या दिवशी त्यांच्या चर्चच्या गायकांकडे पाठवा. ओळख करून देताना त्यांचं नाव, चर्चचं नाव आणि गाव नीट उच्चारा. आणि त्यांची दुपारची मिस्सा कुठे संपते ते विचारून तिथे गाडी पाठवा; धाकोऱ्यासारख्या आतल्या गावातून संध्याकाळी एस.टी. मिळेलच असं नाही.